पॅकर्ड दृक्‌श्राव्य संवर्धन केंद्र, कल्पेपर

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, कल्पेपर गावाजवळच्या माउंट पोनी या टेकडीच्या पोटात वसलेले अभिलेखागार. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे, लायब्ररी ऑफ काँग्रेसचे, चित्रपट, दूरचित्रवाणी कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे येथे जतन होतात. एकूण क्षेत्रफळ सुमारे ४,१५,००० चौरस फूट. यातला बराच भाग मातीखाली असून छपरावर हिरवळ आहे. पश्चिमेकडची अर्धवर्तुळाकार, पायऱ्यापायऱ्यांची दर्शनी बाजू तेवढी ठळकपणे उघडी दिसते.

टेकडीत शिरण्याची कल्पना मात्र वास्तुकारांची नव्हे. १९६९ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, येथे अणुहल्ल्यात टिकेल असे काँक्रीटचे तळघर बांधले होते. युद्धानंतर अर्थव्यवहार पुन्हा सुरू करण्यासाठी त्यात अब्जावधी डॉलरच्या नोटा रचून ठेवल्या होत्या. त्यांत दोन डॉलरच्या नोटांचा भरणा मोठा. शीतयुद्ध सरल्यावर ही जागा निकामी झाली. ह्यूलेट-पॅकर्ड या संगणक कंपनीशी निगडित पॅकर्ड कुटुंबाच्या देणगीतून ती विकत घेतली गेली, शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि २००७ मध्ये सारा परिसर ग्रंथालयाच्या हवाली झाला. नोटांच्या जागी रिळे आली.

मातीचे पांघरूण केवळ देखणेपणासाठी नाही. जाड मातीखाली तापमानाचे चढउतार मंदावतात आणि कोठारे थंड ठेवणाऱ्या यंत्रांवरचा भार हलका होतो. माणसांची गरज मात्र उलटी: त्यांना उजेड हवा. म्हणून काम करणाऱ्यांच्या खोल्या उघड्या पश्चिम बाजूला आहेत आणि संग्रह आत, अंधारात. या आराखड्यातली खरी हुशारी या वाटणीत आहे; हिरवे छप्पर त्यामानाने सोपे.

सर्वांत अवघड पाहुणी म्हणजे नायट्रेट फिल्म, म्हणजे जुन्या चित्रपटांची चटकन पेट घेणारी फिल्म. ती जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. तिच्यासाठी एकच मोठे दालन न ठेवता १२४ छोटी कोठारे केली आहेत. एकात आग लागली तरी ती शेजारी जाऊ नये, हा हेतू. आत सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमान आणि ३० टक्के आर्द्रता राखतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे आगीत गेली. हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही काळजी अवाजवी वाटणार नाही.

परिसरात सुमारे २०० आसनांचे चित्रपटगृहही आहे. नायट्रेट फिल्म सुरक्षितपणे पडद्यावर दाखवता येईल, अशी जगातल्या मोजक्या ठिकाणी असलेली सोय तेथे आहे.