कलम ७९: समाजमाध्यमे प्रकाशक का ठरली नाहीत?

‘प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ वृत्तपत्राने कितीही वेळा छापली, तरी बदनामीच्या खटल्यातून संपादक-प्रकाशक सुटत नाहीत. मजकूर त्यांनी पाहून, निवडून छापला असे कायदा धरून चालतो. फेसबुक-यूट्यूबलाही तेच लागू करायचे का, हा वाद फेसबुकपेक्षा जुना आहे.

१९९१ मध्ये अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा खटल्यातून सुटली, कारण ती मजकूर तपासतच नव्हती. १९९५ मध्ये प्रॉडिजी ही तशीच सेवा मात्र प्रकाशक ठरली. तिचा दोष काय, तर ती आक्षेपार्ह मजकूर काढून टाकत असे! हा उफराटा न्याय मोडायला १९९६ मध्ये अमेरिकी कायद्यात कलम २३० आले: वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी अशा सेवेला प्रकाशक धरायचे नाही.

आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ७९ होते, पण तोकडे. वापरकर्त्याच्या मजकुरासाठी सेवेला जबाबदार न धरण्याचे हे संरक्षण त्याच कायद्याखालच्या गुन्ह्यांपुरते; दंड संहितेचे कलम लागले की ते कुचकामी. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि अटक झाली ती कंपनीच्या प्रमुखालाही. २००८ च्या दुरुस्तीने संरक्षण इतर कायद्यांनाही लागू केले. त्यातली एक महत्त्वाची अट अशी, की बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळताच तो हटवायचा.

पण माहिती मिळाली असे कधी म्हणायचे? कुणाचीही तक्रार पुरेशी धरली, तर कंपनी झंझट नको म्हणून मजकूर उडवूनच टाकते. उत्तर मिळाले सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात. पालघरमध्ये २०१२ साली फेसबुकवरील टिप्पणीवरून दोन तरुणींना झालेली अटक या याचिकेमागे होती. ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांना गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द झाल्याचेच सगळ्यांच्या लक्षात राहिले. फेसबुक-यूट्यूबसारख्या मंचांच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच होते: माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना.

याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांना भारतात राहणारे तीन अधिकारी नेमायला लावले. नियम मोडले तर संरक्षण जाते. तेवढ्याने मंच दोषी ठरत नाही. गुन्हा सिद्ध करावाच लागतो. बातम्यांत नेमकी हीच गल्लत होते.

खरी अडचण कलम ७९(२)(ब) मध्ये आहे. मजकूर कुणाकडे जाणार हे मध्यस्थाने, म्हणजे इतरांचा मजकूर पोचवणाऱ्या सेवेने, निवडू नये, असे ते सांगते. ईमेल पोचवणाऱ्याला हे सहज जमते. व्हिडिओ कुणाच्या पडद्यावर आधी झळकवायचा हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमचे कामच मुळी ते आहे.