औषधाच्या किंवा गांजाच्या संशयावरून गाडी अडवली तर: कॅलिफोर्नियातली तपासणी, कागदपत्रं आणि १० दिवसांची मुदत

इथे शिकायला-नोकरीला आलेल्या आपल्या मुलांचे फोन मला येतात, पण उशिरा येतात. अटक होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात आणि पोलिसांनी दिलेला कागद घडी घालून पाकिटात ठेवलेला असतो. "त्यावर ३० दिवस लिहिलंय, अजून वेळ आहे ना?" नसतो हो. ३० दिवस ही तात्पुरत्या लायसन्सची मुदत आहे. डीएमव्हीकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या वाहन खात्याकडे, निलंबनाविरुद्ध सुनावणी मागायची मुदत १० दिवसांची, तीही कागद हातात पडल्यापासून, शनिवार-रविवार धरून. एकाच कागदावर दोन आकडे, आणि घाबरलेल्या माणसाची नजर मोठ्या आकड्यावर जाते.

दारूचं गणित सोपं आहे: रक्तात ०.०८ टक्के किंवा जास्त निघाली की गुन्हा. गांजा आणि इतर औषधांसाठी (नशेची असोत वा डॉक्टरांनी दिलेली) कॅलिफोर्नियाच्या कायद्यात असा आकडाच नाही. व्हेइकल कोडचं कलम २३१५२ एवढंच विचारतं, की औषधाच्या अमलामुळे तुमची गाडी चालवायची क्षमता कमी झाली होती का. त्यामुळे पोलिसाने काय पाहिलं आणि काय लिहिलं, यावर बरंच काही ठरतं.

रस्त्यावर साधारण तीन चाचण्या होतात. पेन किंवा बोट डोळ्यांसमोरून फिरवून बुबुळं थरथरतात का ते पाहतात. टाचेला बोट लावत सरळ रेषेत ९ पावलं जायचं, सांगितलं तसं वळायचं आणि ९ पावलं परत यायचं. मग एका पायावर उभं राहायचं, अधिकारी ३० सेकंद मोजतो. सूचना संपण्याआधी चालायला लागलात किंवा तोल सांभाळायला हात वर गेले, तर तीही खूण म्हणून लिहिली जाते. या चाचण्या कायद्याने सक्तीच्या नाहीत. पाठीचा, गुडघ्याचा, कानाचा त्रास असेल तर चाचणीच्या आधी सांगा. नंतर सांगितलेलं दुखणं सबबीसारखं वाटतं.

अटकेनंतर औषधाचा संशय असेल तर डीआरई, म्हणजे ड्रग रेकग्निशन एक्स्पर्टचं प्रशिक्षण घेतलेला पोलीस बोलावला जाऊ शकतो. ही पद्धत १९७० च्या दशकात लॉस एंजेलिस पोलिसांनी सुरू केली, आता देशभर वापरतात. तिचे १२ टप्पे आहेत. आधी श्वासाची चाचणी, मग अटक करणाऱ्या पोलिसाकडून माहिती, मग तुमच्या तब्येतीचे प्रश्न. नाडी तीन वेळा, वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजतात, कारण नुसत्या भीतीने वाढलेली नाडी हळूहळू खाली येते. रक्तदाब आणि ताप पाहतात, हाताचे स्नायू सैल की ताठ ते बघतात. डोळे मिटून, मान मागे टाकून ३० सेकंद मनात मोजायला सांगतात. तुमचे ३० सेकंद घड्याळाच्या किती पुढे-मागे जातात, याची नोंद होते. सगळ्यांत बारकाईने पाहतात ते डोळे. खोलीच्या उजेडात, जवळजवळ अंधारात आणि थेट प्रकाशात बाहुली किती मिलिमीटर आहे, ते मोजपट्टी डोळ्याशेजारी धरून लिहितात. अफूच्या जातीच्या औषधांनी बाहुली बारीक होते, उत्तेजक औषधांनी मोठी. या सगळ्यावरून पदार्थ सात गटांपैकी कुठल्या गटातला, याचं मत अधिकारी देतो.

मत, हे लक्षात ठेवा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत ग्राह्य धरली, पण डीआरईने लक्षणं औषध घेतल्याशी 'सुसंगत' आहेत एवढंच म्हणावं, अशी मर्यादाही घातली. तो निकाल त्या राज्यापुरता आहे, तरी वकिलाशी बोलताना उपयोगी पडतो.

एका टप्प्यावर हातावर सुईच्या खुणा शोधतात. इन्सुलिन घेत असाल तर तब्येतीचे प्रश्न येतील तेव्हाच सांगा. पण "काय घेतलंस, किती घेतलंस?" हा प्रश्न वेगळा. तिथे गप्प राहण्याचा हक्क आहे. आपली मुलं सभ्यपणे "थोडंसंच ओढलं होतं" म्हणून मोकळी होतात. कॅलिफोर्नियात गांजा २०१६ च्या मतदानाने प्रौढांसाठी कायदेशीर झाला, पण केंद्रीय कायद्यात तो नियंत्रित पदार्थच आहे, आणि व्हिसा केंद्राकडून मिळतो. ते एक वाक्य पुढे कॉन्सुलेटच्या खिडकीवर आडवं येऊ शकतं.

आता रक्ताची चाचणी. इथे लायसन्स सहज जातं. कायदेशीर अटकेनंतरची ही चाचणी ऐच्छिक नाही, तिला नकार दिला तर पहिल्याच वेळी एक वर्ष लायसन्स निलंबित होतं. दोन गैरसमज मी पुन्हापुन्हा ऐकते. पहिला: "मी श्वासाची चाचणी दिली, शून्य आलं, मग रक्त कशाला?" श्वासात औषध दिसत नाही, म्हणून औषधाचा रास्त संशय असेल तर पोलीस रक्तही मागू शकतात. त्याला 'नाही' म्हटलं की तो नकार. दुसरा: "आधी वकिलाशी बोलतो, मग देतो." हाही नकारच. एरवी वकील मागण्याचा हक्क आहे, पण या चाचणीपुरता नाही, आणि अटक करणारा अधिकारी हे वाचूनही दाखवतो. रात्री दोन वाजता, हातात बेड्या असताना ते कोणाच्या डोक्यात शिरतं, हा माझा जुना प्रश्न आहे. हृदयविकारामुळे डॉक्टरांच्या सांगण्यावरून रक्त पातळ करायची गोळी घेत असाल किंवा हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) असेल, तर तसं स्पष्ट सांगा. अशांना रक्ताच्या चाचणीतून सूट आहे.

नकार नोंदला, किंवा दारूही ०.०८ किंवा जास्त निघाली, तर डीएस ३६७ हा, सुरुवातीला म्हटलेला कागद मिळतो. ज्या दिवशी मिळाला त्या दिवसापासून बोटांवर १० मोजा आणि डीएमव्हीच्या ड्रायव्हर सेफ्टी ऑफिसला फोन करून सुनावणी मागा. निकाल लागेपर्यंत निलंबन थांबवावं, हेही त्याच फोनवर मागा. पोलिसाचा अहवाल आणि डीएमव्हीकडचे बाकीचे पुरावेही मागून घ्या. कोर्टाची तारीख वेगळी असते. कोर्टात हजर राहिल्याने डीएमव्हीचं काम होत नाही.

औषधांच्या कागदांचं दुखणं खास आपलं आहे. भारतातून आणलेली सर्दीची, झोपेची, पाठदुखीची गोळी नुसत्या स्ट्रिपमध्ये असते. ना रुग्णाचं नाव, ना इथल्या फार्मसीचं लेबल, आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुण्यातल्या कपाटात. आईने प्रेमाने बांधून दिलेली ती पिशवी तशीच गाडीत ठेवू नका. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि कारण इंग्रजीत लिहून घ्या. मात्र चिठ्ठी आहे म्हणजे सुटलो, असं नाही. औषध कायदेशीररीत्या घेत होतो हा बचाव चालत नाही, असं व्हेइकल कोडमध्येच लिहिलंय. चिठ्ठीने एवढंच सिद्ध होतं, की गोळी तुमची होती.

शेवटचं, व्हिसाचं. डीयूआयची, म्हणजे नशेत गाडी चालवल्याची अटक झाली की, दोषी ठरण्याआधीच, अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. त्याची ईमेल व्हिसाच्या अर्जात दिलेल्या पत्त्यावर जाते, आणि तो बहुधा कॉलेजचा बंद पडलेला पत्ता असतो. तो आधी तपासा. अमेरिकेत असाल तर एवढ्याने सहसा मुक्काम लगेच बेकायदा होत नाही, पण बाहेर पडलात की नवा व्हिसा घेतल्याशिवाय परत येता येत नाही. भावाच्या लग्नाला गेलेला मुलगा तिकडेच अडकतो तो असा. मुंबईत पॅनेल डॉक्टरांची, म्हणजे कॉन्सुलेटने ठरवलेल्या डॉक्टरांची तपासणी लावतात आणि त्यात वेळ जातो, म्हणून तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, प्रश्न अटकेचाही आहे. खटला रद्द झाला तरी उत्तर 'हो' असंच लिहायचं आणि मुलाखतीला कोर्टाच्या अंतिम आदेशाची शिक्का असलेली प्रमाणित प्रत सोबत न्यायची. ही प्रत बहुतेकांकडे नसते आणि भारतात बसून मागवताना फार हाल होतात. भारतात निघण्याआधीच कोर्टाच्या क्लार्ककडून दोन प्रती घ्या. एक इथे विश्वासू माणसाकडे ठेवा, दुसरी हातातल्या बॅगेत.