ऑलवेज ऑन माय माइंड

अमेरिकन कंट्री-पॉप शैलीतील प्रेमगीत. रचना वेन कार्सन, मार्क जेम्स व जॉनी क्रिस्टोफर या तिघांची. आपल्या माणसाकडे वेळीच लक्ष दिले नाही, याची कबुली हा गीताचा विषय.

गीत १९७० च्या सुमारास रचले गेले असावे. कार्सन यांच्या आठवणीनुसार, मिसूरीतील स्प्रिंगफील्ड येथे स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून त्यांनी ते बहुतांशी लिहिले होते. निर्माते चिप्स मोमन यांनी ‘ब्रिज’ (कडव्यांना जोडणारा वेगळ्या चालीचा भाग) हवाच असा आग्रह धरल्यावर मेम्फिसच्या स्टुडिओत इतर दोघांनी हातभार लावला.

गीताचे मूळ गायक म्हणून एल्व्हिस प्रेस्ली यांचे नाव अनेकदा घेतले जाते. ते ग्राह्य वाटत नाही. बी. जे. टॉमस यांनी १९७० मध्येच ते ध्वनिमुद्रित केले होते; मात्र ते ध्वनिमुद्रण अनेक वर्षे अप्रकाशित राहिले. ग्वेन मॅक्रे यांची ध्वनिमुद्रिका १९७२ मध्ये बाजारात आली. प्रथम प्रकाशनाचा मान त्यांना देणेच अधिक सयुक्तिक होय. प्रेस्ली यांनी २९ मार्च १९७२ रोजी हॉलिवूडमध्ये ते गायिले. पत्नीपासून ते नुकतेच विभक्त झाले होते. त्यामुळे श्रोत्यांनी गीताला आत्मकथन मानले; गीत मात्र त्या ताटातुटीआधीचे आहे. अमेरिकेत ते ‘सेपरेट वेज’ या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस होते. ब्रिटनमध्ये ते लोकप्रिय गीतांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

खरे यश विली नेल्सन यांच्या गायनाने आले. मर्ल हॅगर्ड यांच्यासोबत ध्वनिमुद्रण चालू असताना हे गीत पुढे आले. हॅगर्ड यांना ते रुचले नाही, नेल्सन यांना भावले, असे सांगतात. १९८२ मध्ये ते ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कंट्री यादीत पहिल्या, तर सर्व शैलींच्या ‘हॉट १००’ यादीत पाचव्या स्थानी पोहोचले. १९८३ च्या सोहळ्यात त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट गीतासह तीन ग्रॅमी पुरस्कार लाभले.

कडव्याच्या आरंभी खर्जातील स्वर षड्जापासून नी, ध, प असे उतरत मध्यमावर येतात. त्यावर नेल्सन शब्द ठेक्याच्या किंचित मागे सोडतात. बोलायला धीर होत नसावा, तसे ते ऐकू येते; पश्चात्ताप इतक्या कमी आवाजात क्वचितच गायिला गेला असेल.

पेट शॉप बॉइज यांची नृत्यसंगीतातील आवृत्ती १९८७ च्या नाताळात ब्रिटनमध्ये अग्रस्थानी होती.