वास्तवाची सामाजिक घडण

वास्तवाची सामाजिक घडण : ज्या जगाला आपण खरे म्हणून गृहीत धरतो, त्याचा फार मोठा भाग माणसांनीच परस्परांच्या बोलण्या-वागण्यातून आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीतून उभा केलेला असतो, असे सांगणारी समाजशास्त्रातील संकल्पना. पैसा, पद, सोयरीक, जात, गावाची शीव या गोष्टी माणसांवाचून अस्तित्वात राहत नाहीत. मात्र घडवलेले म्हणजे काल्पनिक, असा अर्थ घेतला तर सगळी संकल्पनाच हातची जाते. पाणवठ्यावर मज्जाव झालेल्या माणसाची तहान खरी असते.

या विचाराला आजचे नाव मिळाले ते पीटर बर्जर आणि थॉमस लुकमन या समाजशास्त्रज्ञांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे. त्याआधी कार्ल मानहाइम यांनी ज्ञानाचे समाजशास्त्र, म्हणजे माणसांचे विचार त्यांच्या समाजस्थितीतून कसे घडतात याचा अभ्यास, मांडले होते, पण त्यांचा भर विचारप्रणालींवर होता. व्हिएन्नाहून न्यूयॉर्कला गेलेले आल्फ्रेड शुट्झ यांनी लक्ष वळवले ते साध्या माणसाच्या रोजच्या जाणतेपणाकडे, आणि बर्जर-लुकमन यांनी तोच धागा पुढे नेला. त्यांच्या मते ही घडण तीन अंगांनी चालते. माणसे कृतीतून काहीतरी निर्माण करतात, हे बाह्यीकरण. ती निर्मिती रीत, नियम किंवा संस्था होऊन त्यांच्यासमोर परक्या वस्तूसारखी उभी राहते, हे वस्तुरूपीकरण. पुढची पिढी तिला जन्मापासूनचे सत्य म्हणून आत मुरवते, हे आंतरीकरण. ज्यांनी रीत पाडली त्यांना ती का पाडली हे ठाऊक असते. नातवंडांना फक्त ‘असंच असतं’ एवढेच कळते.

नाशिकमध्ये आंतरीकरणाचे एक रोजचे उदाहरण पावसाळ्यात दिसते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सरकारी आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो, पण जुन्या नाशिकमध्ये चौकशी होते ती गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला, यावर गोदाघाटावरचे दुकानदार माल हलवायचा की थांबायचे ते ठरवतात. हे माप कुणी शाळेत शिकवलेले नाही. इथे वाढलेल्याला ते आपोआप येते आणि बाहेरून आलेल्याला विचारून घ्यावे लागते. शुट्झ ज्याला समाजाचा ज्ञानसाठा म्हणतात, तो हाच. माप समाजाने ठरवलेले आहे, पूर मात्र नाही. सगळ्या शहराने एकमताने नाकारला तरी तो भांडीबाजारात शिरतोच. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९९५ च्या ग्रंथात माणसांच्या मान्यतेवाचूनही खरी असणारी निव्वळ तथ्ये आणि त्या मान्यतेवरच उभी असणारी संस्थात्मक तथ्ये असा जो भेद मांडला, तो येथे उपयोगी पडतो : नदीची पातळी पहिल्या प्रकारात मोडते, नोटेची किंमत दुसऱ्या. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९९९ मध्ये आणखी एक रास्त आक्षेप घेतला. कशालाही ‘सामाजिक घडण’ म्हणण्याची फॅशन झाली आहे, तेव्हा नेमके काय घडवले गेले, वस्तू की तिच्याविषयीची कल्पना, हे आधी सांगा, असे त्यांचे म्हणणे.

नोटेचा दाखला तर या शहराच्या अंगणातलाच. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि ‘प्रेस’ म्हटले की तिथे वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. पाचशेच्या नोटेवर धारकाला पाचशे रुपये अदा करण्याचे वचन गव्हर्नरांच्या सहीने छापलेले असते. कागद आणि शाई यंत्रातून निघतात. किंमत त्या वचनावरच्या सार्वत्रिक भरवशातून येते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा चलनातून बाद झाल्या. कागद तोच, शाई तीच, छपाईही तितकीच सुबक. तरीही बँकेबाहेर रांगा लागल्या. इथे आणखी एक गोष्ट उघड होते. घडण सगळ्यांची असली, तरी ती मोडण्याचा अधिकार सगळ्यांच्या हाती सारखा नसतो.

हा अधिकाराचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला पंचवटीत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी तो नेटाने चालवला. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. दगडी भिंत सवर्णांना आणि अस्पृश्यांना सारखीच होती. अडवत होती ती विटाळाची समजूत, आणि तिच्या पाठीशी उभे होते पुजारी, प्रतिष्ठित नागरिक आणि पोलीस. रामाच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. सत्याग्रह अनेक वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. बर्जर-लुकमन यांच्या भाषेत ही वैधता टिकवणारी यंत्रणा होय : रीत केवळ पाळली जात नाही, तिला शास्त्र, पुण्य आणि परंपरेचे कवच चढवले जाते, आणि प्रश्न विचारणाराच अपराधी ठरतो. सिद्धान्ताची पुस्तके हे तिसऱ्या पुरुषात सांगतात. काळारामाच्या दारात ते माणसांनी अंगावर झेलले, म्हणून मराठी वाचकाने ही संकल्पना तिथूनच समजून घ्यावी.

पुढचे वळण नाशिक जिल्ह्यातच, येवल्यात घेतले गेले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. मिळालेल्या जगात जागा मागण्याऐवजी वेगळे जग उभारण्याचा हा निर्णय होता. जुने वास्तव सोडून नवे अंगी बाणवायचे, तर एकट्याचा निश्चय पुरत नाही. नवा समूह, रोजची नवी भाषा आणि भूतकाळाचा नवा अर्थ लागतो, असे बर्जर-लुकमन यांनी लिहिले आहे. ते लिहिले जाण्याच्या दहा वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या होत्या.

भूतकाळाचा अर्थ बदलतो कसा, हे नाशिकच्या दक्षिणेकडील पांडवलेणी डोंगरावर पाहता येते. तिथल्या चोवीस लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडायची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) द्यायचे. हिशेब आजही बरोबर जुळतो. हे सारे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले, असेही लेख सांगतो. सभेत ऐकवणे, फलकावर नोंदणे, दगडात कोरणे : एका माणसाचा शब्द सर्वांना बांधील करण्याची ही रीतसर कृती होती. पुढे श्रेणी गेल्या, संघ गेला, ब्राह्मी वाचणारे गेले. अक्षर शाबूत राहिले आणि ठेव बुडाली, कारण ती माणसांच्या पाळण्यावर उभी होती. मग लोकांनी लेण्यांचा संबंध पांडवांशी जोडला, आणि कित्येक शतके तेच गावाचे सत्य होते. आज मात्र नाशिकचे बौद्ध त्यांना शिलालेखातल्या डोंगराच्या नावाने ‘त्रिरश्मी लेणी’ म्हणतात, आणि बुद्धपौर्णिमेला वंदनेसाठी तिथे जातात. बसच्या पाटीवर आणि बहुतेकांच्या तोंडी अजून पांडवलेणीच आहे.