अल-अक्सा परिसरातील संघर्ष

अल-अक्सा परिसरातील संघर्ष : जेरुसलेमच्या तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, आग्नेय कोपऱ्यावरच्या पवित्र पटांगणात आणि त्याच्या दरवाजांवर इस्रायली पोलीस व पॅलेस्टिनी यांच्यात वारंवार होणाऱ्या चकमकींना उद्देशून ही संज्ञा वापरतात. या पटांगणाला मुसलमान ‘हरम अल-शरीफ’ किंवा सरळ ‘अल-अक्सा’ म्हणतात, तर ज्यू ‘हर हबायित’ म्हणजे मंदिराची टेकडी म्हणतात. १९६७ सालापासून आतली व्यवस्था जॉर्डनच्या अखत्यारीतील इस्लामी वक्फकडे आहे. दरवाजे आणि बंदोबस्त इस्रायली पोलिसांच्या ताब्यात आहे. घर एकाचे आणि किल्ल्या दुसऱ्याकडे, अशी ही मांडणी आहे. इथली बहुतेक भांडणे एखाद्या दारावरून, पडद्यावरून, कठड्यावरून किंवा तारेवरून सुरू झाली, हे या मांडणीमुळेच समजते.

पटांगणाचे क्षेत्रफळ सुमारे १४ हेक्टर, म्हणजे साधारण ३५ एकर. मधल्या उंच चौथऱ्यावर सोनेरी घुमटाची अष्टकोनी वास्तू आहे, ती डोम ऑफ द रॉक (कुब्बत अल-सख्रा). उमय्यद खलीफा अब्द अल-मलिक याच्या काळात, इ. स. ६९१-९२ च्या सुमारास ती पुरी झाली. वर्तमानपत्रांत अल-अक्साच्या बातमीबरोबर बहुधा हिचाच फोटो छापतात. नमाजाची मुख्य मशीद मात्र दक्षिणेकडे, करड्या शिशाच्या घुमटाची आहे. तिला किब्ली मशीद म्हणतात. मुसलमानांच्या लेखी ‘अल-अक्सा’ म्हणजे केवळ ही मशीद नसून झाडे, हौद, कमानी, मदरसे यांसह सगळे आवार होय. त्यामुळे आवाराच्या दूरच्या कोपऱ्यात पोलीस शिरले, तरी पॅलेस्टिनी बोलताना ‘अक्सात घुसले’ असेच म्हणतात. बातम्यांत दोन्ही बाजूंची विधाने जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

मुसलमानांची ही पहिली किब्ला, म्हणजे नमाजासाठी तोंड करण्याची दिशा. मक्का आणि मदिना यांच्यानंतरचे तिसरे पवित्र स्थान. प्रेषित मुहंमदांचा रात्रप्रवास इथे येऊन पोचला आणि इथूनच स्वर्गारोहण झाले, अशी श्रद्धा आहे. ज्यूंसाठी याहून पवित्र जागा पृथ्वीवर नाही. शलमोनाचे पहिले मंदिर आणि इ. स. ७० मध्ये रोमनांनी जाळलेले दुसरे मंदिर याच टेकडीवर होते. आवाराच्या आधारभिंतीचा पश्चिमेकडचा एक पट्टा म्हणजे पश्चिमी भिंत; मुसलमान तिला बुराक भिंत म्हणतात. दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोक ज्यू आपल्या पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला उपास करून पाळतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांमध्ये हाच दिवस ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जातो. आवाराच्या पश्चिम कडेला खिलाफत चळवळीचे नेते मौलाना मुहंमद अली जौहर यांची कबर आहे. गोलमेज परिषदेसाठी गेले असता जानेवारी १९३१ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले आणि दफन इथे झाले. या टेकडीची ओढ किती दूरवर पोचते, हे सांगायला एवढे पुरे.

‘जैसे थे’ची व्यवस्था

७ जून १९६७ रोजी, अरब देशांशी झालेल्या सहा दिवसांच्या युद्धात, इस्रायली छत्रीधारी सैनिक आवारात शिरले. सोनेरी घुमटावर इस्रायली झेंडा चढवला गेला. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी तो उतरवायला लावला. त्याच आठवड्यात पश्चिमी भिंतीसमोरची मगरिबी वस्ती मात्र जमीनदोस्त झाली आणि तिथे आजचे मोठे प्रांगण तयार करण्यात आले. दायान यांनी आवाराचा कारभार वक्फकडेच ठेवला. मुसलमानांनी आत नमाज पढायचा; ज्यूंनी आणि इतरांनी ठरावीक वेळी पाहुणे म्हणून यायचे, प्रार्थना पश्चिमी भिंतीपाशी करायची. हीच ती ‘जैसे थे’ व्यवस्था.

आपल्याकडे कोर्टाचा जैसे थे हुकूम निदान कागदावर असतो. दायान यांची ही व्यवस्था मात्र कलमावार लिहून दोन्ही बाजूंनी सही केलेली कधीच नव्हती. १९९४ च्या इस्रायल-जॉर्डन करारात जेरुसलेममधील मुस्लिम पवित्र स्थळांबाबत जॉर्डनच्या खास भूमिकेचा आदर करण्याचे कलम आले, पण दारात किती पोलीस उभे राहतील, कोणाला कोणत्या वयापासून सोडायचे, ओठातल्या ओठात पुटपुटलेली प्रार्थना ही प्रार्थना धरायची की नाही, याविषयी त्यात काही नाही. हे सगळे रोज सकाळी दारावरचा पोलीस अधिकारी ठरवतो. सर्व अनर्थाचे मूळ इथे आहे, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

रब्बींच्या मुख्य पीठाने मंदिराच्या पावित्र्याचा भंग होऊ नये म्हणून ज्यूंना टेकडीवर जायलाच मनाई केली होती, आणि तसा फलक मगरिबी दरवाजाच्या वाटेवर लावला होता. कित्येक वर्षे सनातनी ज्यू ती मनाई कसोशीने पाळत. राष्ट्रवादी धार्मिक गटांतील काही रब्बींनी पुढे वेगळा निर्वाळा दिला. सतराएक वर्षांपूर्वी वर्षाला काही हजारच ज्यू वर जात. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या वर गेली. ते पोलिसांच्या पहाऱ्यात गटागटाने जातात. पॅलेस्टिनींना यात उद्याच्या वाटणीची चाहूल लागते. वेस्ट बँकमधल्या हेब्रोनच्या इब्राहिमी मशिदीचे १९९४ नंतर मुसलमान आणि ज्यूंमध्ये भाग पाडले गेले. ते उदाहरण जेरुसलेमच्या प्रत्येक घरात माहीत आहे. म्हणून या भीतीला अफवा म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. दुसरीकडे, आपल्या सर्वांत पवित्र जागी आपल्यालाच प्रार्थना करता येत नाही, ही धार्मिक ज्यूंची वेदनाही खरी आहे. मात्र जाणाऱ्यांतले काही गट उघडपणे तिसरे मंदिर बांधण्याची भाषा करतात, आणि त्यांच्याभोवती सरकारी बंदुकीचे कडे असते. अशा वेळी भाविक कोण आणि मोहीम चालवणारा कोण, हे समोरच्याने कसे ओळखावे?

पडदा, दार, तार

सप्टेंबर १९२८ मध्ये, ब्रिटिश अमलात, योम किप्पूरच्या म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी ज्यूंनी पश्चिमी भिंतीसमोर स्त्री-पुरुषांना वेगळे बसवण्यासाठी एक पडदा उभा केला. तेव्हाचे जैसे थे मोडले, अशी तक्रार झाली आणि ब्रिटिश पोलिसांनी प्रार्थना चालू असतानाच तो जबरदस्तीने काढला. पुढचे वर्षभर दोन्हीकडे मोर्चे, पत्रके, भाषणे चालली. ऑगस्ट १९२९ च्या दंगलीत १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले. ज्यू बहुतांशी अरबांच्या हल्ल्यांत, तर अरब बहुतांशी ब्रिटिशांच्या गोळीबारात. सुरुवात कापडाच्या एका पडद्यावरून झाली होती.

१९६७ नंतरची यादी लांब आहे. २१ ऑगस्ट १९६९ रोजी एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माथेफिरूने किब्ली मशिदीला आग लावली. तीत सलाहुद्दीनच्या काळचा लाकडी मिंबर (प्रवचनाचे उंच आसन) जळाला. त्या धक्क्यातून इस्लामी राष्ट्रांची संघटना उभी राहिली. ८ ऑक्टोबर १९९० रोजी, मंदिराची कोनशिला बसवू पाहणाऱ्या एका ज्यू गटाच्या मोर्चाच्या बातमीने जमलेल्या गर्दीतून भिंतीकडे दगड गेले, पोलिसांनी गोळीबार केला आणि किमान १७ पॅलेस्टिनी ठार झाले. सप्टेंबर १९९६ मध्ये पश्चिमी भिंतीलगतच्या भुयाराचे उत्तरेकडचे दार रातोरात उघडण्यात आले. उसळलेल्या हिंसाचारात दोन्हीकडचे मिळून ७० हून अधिक लोक दगावले. २८ सप्टेंबर २००० रोजी तेव्हाचे विरोधी पक्षनेते एरिअल शेरॉन शेकडो पोलिसांसह आवारात फिरून आले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नमाजानंतर दगडफेक, मग गोळीबार, आणि तिथून पुढे जो उठाव पेटला त्याचे नावच ‘अल-अक्सा इंतिफादा’ पडले. सुमारे पाच वर्षांत अंदाजे तीन हजार पॅलेस्टिनी आणि एक हजार इस्रायली त्यात मारले गेले.

२०१७ चा जुलै या सगळ्यांत वेगळा. १४ जुलैला उम्म अल-फहम या इस्रायलमधल्या अरब शहरातील तीन तरुणांनी दरवाजावर गोळ्या झाडून दोन द्रुझ (अरबी बोलणारा एक धार्मिक समाज) पोलिसांचा जीव घेतला. आवारात तेही मारले गेले. शुक्रवार असूनही पोलिसांनी आवार बंद केले आणि दोन दिवसांनी दारांवर धातुशोधक चौकटी उभ्या करून उघडले. विमानतळावर वा मॉलमध्ये आपण अशा चौकटीतून बिनतक्रार जातो. इथे वक्फचे अधिकारी म्हणाले की आम्ही यातून जाणार नाही, आणि लोकांनी बाब अल-अस्बात या दरवाजाच्या बाहेर रस्त्यावरच सतरंज्या अंथरल्या. भर उन्हात, डांबरी रस्त्यावर, पाच वेळचा नमाज जवळजवळ दोन आठवडे तिथेच झाला. शेजारपाजारच्या बायका पाणी आणि जेवण आणून देत. या काळातही रक्त सांडले. २१ जुलैला तीन पॅलेस्टिनी चकमकींत आणि तीन इस्रायली वेस्ट बँकमधल्या एका ज्यू वसाहतीतल्या घरात चाकूहल्ल्यात ठार झाले. अखेर चौकटी आणि मागाहून लावलेले कॅमेरे निघाले आणि २७ जुलैला लोक आत गेले. त्या चौकटी सुरक्षेच्या दृष्टीने योग्य होत्या की नव्हत्या, यावर अजून वाद होतो. रस्त्यावर बसलेल्यांचा मुद्दा निराळा होता : घराच्या दारात नवी चौकट कोण बसवतो, तो घराचा मालक ठरतो.

२०२१ चा रमजान

संघर्ष कसा पायरीपायरीने चढतो, हे २०२१ मध्ये सर्वांत स्पष्ट दिसले. १३ एप्रिल हा रमजानचा पहिला दिवस, आणि त्याच संध्याकाळी पश्चिमी भिंतीपाशी शहीद इस्रायली सैनिकांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात व्यत्यय नको म्हणून पोलीस मिनारांवर चढले आणि त्यांनी भोंग्यांच्या तारा तोडल्या, असे मशिदीच्या व्यवस्थापकांनी सांगितले. त्याच दिवसांत जुन्या शहराच्या दमास्कस दरवाजासमोरच्या अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्यांवर पोलिसांनी लोखंडी कठडे लावले. रमजानच्या रात्री तरावीहच्या खास नमाजानंतर याच पायऱ्यांवर पोरे बसतात, चहा-कॉफी पितात, गप्पा मारतात. जुन्या शहराच्या अरुंद घरांतून बाहेर पडून मोकळा श्वास घेण्याची ती जागा. कठड्यांवरून रोज रात्री झटापट होऊ लागली. अति उजव्या ज्यू गटांनी अरबविरोधी घोषणा देत मोर्चा काढला, अरब तरुणांनी ज्यूंना मारहाण करून त्याचे व्हिडिओ टाकले. २५ एप्रिलला कठडे निघाले, पण तोवर जेरुसलेममधल्याच शेख जर्राह मोहल्ल्यातल्या पॅलेस्टिनी कुटुंबांना घराबाहेर काढण्याचा खटला तापला होता.

७ मेच्या रात्री, रमजानच्या अखेरच्या शुक्रवारी, आवारात दगड आणि बाटल्या एकीकडून, तर रबरी गोळ्या आणि स्टन ग्रेनेड (कानठळ्या बसवणारे, डोळे दिपवणारे बाँब) दुसरीकडून, असा सामना झाला. १० मे रोजी सकाळी पोलीस किब्ली मशिदीत शिरले. पॅलेस्टिनी जखमींचा आकडा त्या दिवशी ३०० च्या वर गेला. काही पोलीसही जखमी झाले. मशिदीत दगड साठवले होते, असे पोलिसांचे म्हणणे. मशिदीच्या सतरंजीवर अश्रुधुराची नळकांडी पडलेली फोटोंत दिसली, आणि ते फोटो तासाभरात जगभर गेले. गाझातील सशस्त्र पॅलेस्टिनी संघटना हमासने संध्याकाळी सहापर्यंत पोलीस हटवा असा इशारा दिला आणि सहानंतर जेरुसलेमच्या दिशेने रॉकेटे सोडली. ११ दिवसांच्या युद्धात गाझात अडीचशेच्या आसपास आणि इस्रायलमध्ये १३ जण मृत्युमुखी पडले. तारा आणि कठडे यांपासून युद्धापर्यंत चार आठवडेसुद्धा लागले नाहीत.

पुढच्या वर्षी १५ एप्रिलला रमजानचा शुक्रवार, ज्यूंच्या वल्हांडण सणाची पूर्वसंध्या आणि ख्रिस्ती शुभ शुक्रवार एकाच दिवशी आले. पहाटेच्या कारवाईत दीडशेहून अधिक पॅलेस्टिनी जखमी झाले, सुमारे चारशे जणांना धरले. २०२३ मध्ये वाद एतिकाफवरून झाला. रमजानमध्ये रात्रभर मशिदीत राहून इबादत करण्याची ही रीत. पोलिसांचे म्हणणे, ती शेवटच्या दहा रात्रींपुरतीच करा. ४ एप्रिलच्या रात्री काही तरुणांनी आतून दारे अडवली. त्यांच्याकडे फटाके आणि दगड होते. पोलीस खिडक्या-दारे फोडून आत घुसले. आतल्या चित्रफितींत अंधाऱ्या दालनात स्टन ग्रेनेडचे लखलखाट, लाठ्यांचे आणि बंदुकीच्या दस्त्यांचे वार, किंचाळणाऱ्या बायका आणि हात मागे बांधून सतरंजीवर पालथी पाडलेली माणसे दिसतात. साडेतीनशेहून अधिक लोकांना अटक झाली. फटाके आणले हा गुन्हा मानला, तरी खाली पडलेल्या माणसावर लाठी चालवणे याला बंदोबस्त म्हणता येत नाही. दोन दिवसांत लेबनॉनमधून ३० हून अधिक रॉकेटे आली.

दारावरची पद्धत

रोजच्या दिवसांतही संघर्ष चालूच असतो, फक्त त्याची बातमी होत नाही. बिगरमुस्लिमांना मगरिबी दरवाजातूनच, शुक्रवार-शनिवार सोडून, सकाळी आणि दुपारी काही तास प्रवेश मिळतो. तिथला मातीचा उतार २००४ मध्ये ढासळला. तात्पुरता म्हणून बांधलेला लाकडी पूल कायमच राहिला, कारण पक्का पूल कोणी, कसा बांधायचा यावर एकमत झाले नाही. इतर दरवाजांवर मुसलमान तरुणांची ओळखपत्रे पाहतात, कधी ठेवून घेतात. तणाव वाढला की पन्नाशीखालच्या पुरुषांना बंदी होते, काहींना आठवड्यांसाठी वा महिन्यांसाठी आवारबंदीचा हुकूम हातात मिळतो. ज्यू गट आले की तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’चा घोष, देणाऱ्या ‘मुराबितात’ स्त्रियांच्या गटांवर सप्टेंबर २०१५ मध्ये बंदी आली.

७ ऑक्टोबर २०२३ च्या इस्रायलवरील हल्ल्याला हमासने ‘अल-अक्साचा पूर’ असे नाव दिले. ज्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली, त्याला या पवित्र जागेचे नाव देणे हीसुद्धा तिची विटंबनाच म्हटली पाहिजे. त्यानंतर २०२४ आणि २०२५ च्या रमजानमध्ये वेस्ट बँकमधून फक्त ५५ वर्षांवरील पुरुष, ५० वर्षांवरील स्त्रिया आणि लहान मुले यांना, तेही परवाना असेल तर, शुक्रवारच्या नमाजासाठी सोडण्यात आले. पोलीस ज्यांच्या हाताखाली आहेत ते मंत्री इतामार बेन-ग्वीर यांनी ३ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे आव नवमीच्या त्याच उपासाच्या दिवशी, आवारात जाऊन उघड प्रार्थना केली. ‘जैसे थे’त बदल झालेला नाही, असे पंतप्रधानांच्या कार्यालयाने त्या दिवशीही सांगितले.