जिनिंगच्या हवेतले जिवाणू प्लेटवर कसे ओळखतात

दिवाळीनंतर यवतमाळ, अमरावती, वर्ध्याकडच्या जिनिंग (कापसातली सरकी वेगळी करणारे कारखाने) सुरू झाल्या की आतल्या हवेत एवढी धूळ असते की काम करणाऱ्यांच्या भुवया पांढऱ्या होऊन जातात. या धुळीसोबत जिवाणूही उडतात. ते कोणते हे शोधायचं तर नुसती हवा पकडून भागत नाही, कारण हवेत सगळेच एकत्र असतात, मातीतले बॅसिलस, माणसाच्या कातडीवरचे स्टॅफिलोकोकस, पिवळ्या कॉलनीचे (कॉलनी म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढून दिसणारा ठिपका) मायक्रोकोकस, आणि वरून बुरशीचे बीजाणू. साध्या न्यूट्रिएंट अगारच्या, म्हणजे जिवाणूंचं खाद्य घातलेल्या जेलीच्या, प्लेटवर हे सगळेच उगवतात आणि बुरशी तर काही दिवसांत अख्खी प्लेट झाकून टाकते, मग खालचं मोजायचं काय?

इथं सिलेक्टिव्ह मिडियम, म्हणजे निवडक जिवाणूंनाच वाढू देणारं खाद्य, कामी येतं. वावरात तणनाशक मारलं की तण जळतं, पीक राहतं, तसंच मिडियममध्ये असं काही टाकायचं की नको ते दबेल आणि हवं ते वाढेल. बुरशी नको तर सायक्लोहेक्सिमाइड टाकतात, त्यानं बुरशी थांबते पण जिवाणूंना काही होत नाही. स्टॅफिलोकोकस पाहिजे तर मॅनिटॉल सॉल्ट अगार, त्यात 7.5 टक्के मीठ असतं, एवढ्या खारटात बाकीचे बहुतेक जिवाणू टिकतच नाहीत. स्टॅफिलोकोकसमधला ऑरियस नावाचा प्रकार मॅनिटॉल खाऊन आम्ल सोडतो आणि लाल मिडियम पिवळं पडतं.

कापसासाठी मात्र मॅकॉन्की अगार महत्त्वाचं. यातले बाइल सॉल्ट आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंना दाबतात, ग्रॅम निगेटिव्ह तेवढे उगवतात (ग्रॅम नावाच्या रंगचाचणीनं जिवाणूंचे हे दोन गट पडतात), आणि त्यातले लॅक्टोज खाणारे गुलाबी दिसतात. उघड्या हवेत हे ग्रॅम निगेटिव्ह कमीच सापडतात कारण कोरडेपणात ते लवकर मरतात, पण कापसाच्या झाडावर, बोंडाच्या वाळलेल्या पाल्यावर पँटोइया अॅग्लोमेरन्ससारखे ग्रॅम निगेटिव्ह भरपूर असतात आणि तोच पाला चुरा होऊन जिनिंगच्या हवेत जातो.

कधी कधी तर काही टाकायचीही गरज नसते, तापमानच निवड करतं. ओलं कुटार गंजीत दाबलं गेलं की आतून तापतं, आणि तिथं उष्णता आवडणारे अॅक्टिनोमायसीट्स (बुरशीसारखे धागे करणारे जिवाणू) वाढतात, त्यांची धूळ पुन्हा पुन्हा छातीत गेली तर फुप्फुसाला सूज येते. ते पाहिजे असतील तर प्लेट 50-55 अंशाला ठेवायची, बाकीचे बहुतेक आपोआप बाद होतात. एवढ्या उष्णतेत प्लेट टिकते ती अगारमुळं, ते वितळायला 85 अंशाच्या आसपास जावं लागतं. आधी जिलेटिन वापरायचे, ते आपल्या मे महिन्यात सावलीतही पातळ झालं असतं. अगारची कल्पना 1880च्या दशकाच्या सुरुवातीला फॅनी हेसे यांनी सुचवली, स्वयंपाकात जेली करायला त्या ते वापरायच्या, आणि मला वाटतं त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या बरोबरीनं यायला पाहिजे.

हवा मोजून घ्यायची तर प्लेट नुसती उघडी ठेवून चालत नाही, तिच्यावर जड कण जास्त पडतात. अँडरसन सॅम्पलर मिनिटाला 28.3 लिटर हवा बारीक छिद्रांतून प्लेटवर आपटतो. समजा 5 मिनिटांत 50 कॉलनी आल्या, तर हवा झाली साधारण 141 लिटर, म्हणजे एका घनमीटरला 350च्या आसपास. (हे घरी करून बघायची इच्छा झालीच तर उगवलेली प्लेट उघडू नका, काय वाढलंय ते माहीत नसतं.)

आता खरी अडचण. हवेत उडून उडून जिवाणू कोरडे पडतात, अर्धमेले होतात, आणि अशा अवस्थेत तणनाशकाचा झटका पिकालाही बसावा तसे मॅकॉन्कीतले बाइल सॉल्ट त्यांनाही सोसवत नाहीत. म्हणून प्लेटवर काहीच उगवलं नाही म्हणजे हवेत ते नाहीत असं होत नाही. बरेच जण आधी साध्या मिडियमवर त्यांना सावरू देतात आणि मग सिलेक्टिव्हवर नेतात, माझ्या मते हवेच्या सॅम्पलला हीच पद्धत बरी.

आणि ग्रॅम निगेटिव्ह मेले तरी त्रास संपत नाही. त्यांच्या बाहेरच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन धुळीत तसंच राहतं आणि श्वासाबरोबर आत जातं, कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते त्यामागं याचा मोठा हात मानतात. मेलेला जिवाणू कोणत्याच मिडियमवर उगवत नाही. त्यामुळं जिनिंगच्या हवेचा रिपोर्ट फक्त कॉलनी मोजून आला असेल तर एंडोटॉक्सिन तपासलं का हे नक्की विचारा, त्याची एलएएल नावाची वेगळी टेस्ट असते.