पहाटेच्या रूटीनची पार्श्वभूमी: जातं, भोंगा आणि अलार्म

सध्या जिकडे बघावं तिकडे पहाटे पाचचं रूटीन चालू आहे. उठा, पाणी प्या, ध्यान, व्यायाम, डायरी, वाचन, आणि हे सगळं साडेसहाच्या आत. रील्स आहेत, एकवीस दिवसांची चॅलेंज आहेत, ग्रुप आहेत जिथे उठल्या उठल्या फोटो टाकायचा असतो. मला यात वाईट काही दिसत नाही, उलट सकाळ हाताशी असली की दिवस खरंच बरा जातो. पण हे सगळं असं मांडलं जातं की पहाटे उठणं म्हणजे यशाचा नवा फॉर्म्युला आहे आणि तो ज्याने त्याने इच्छाशक्तीच्या जोरावर एकट्याने पार पाडायचा, तिथे मात्र थोडं मागे जाऊन बघायला हवं. आपल्याकडे लोक पिढ्यानपिढ्या पहाटे उठत आलेत, पण ते का उठत होते, त्यांना उठवत कोण होतं आणि मुख्य म्हणजे ते झोपत कधी होते, हे विचारलं की चित्र बरंच बदलतं.

सुरुवात ब्राह्ममुहूर्तापासून करू कारण सगळेच तिथून करतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येचा अध्यायच ‘ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत्’, म्हणजे ब्राह्ममुहूर्तावर उठावं, असा सुरू होतो. आता हा मुहूर्त म्हणजे घड्याळातले पाच नव्हेत. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होऊन ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे तो सूर्याबरोबर सरकतो. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो तेव्हा हा मुहूर्त साधारण पाच चाळीसला लागतो, आणि जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या सुमाराला असतो तेव्हा साडेचारच्याही आधी. बारा महिने एकाच वेळेचा अलार्म लावायचा हा हट्ट त्या शास्त्रात कुठेच नाही. शिवाय तिथे हे सांगितलंय ते निरोगी माणसाला, आणि अष्टांगसंग्रहात तर उठताना रात्रीचं जेवण पचलंय की नाही ते आधी बघ असंही म्हटलंय. आयुर्वेद झोपेला आहाराच्या बरोबरीने शरीराचा खांब मानतो, त्यामुळे झोप कापून पहाट मिळवायची ही कल्पना तिथली नाहीच.

मराठीत रोजच्या रूटीनची सगळ्यात स्पष्ट यादी कोणी दिली असेल तर ती समर्थ रामदासांनी, दासबोधाच्या अकराव्या दशकात. ‘प्रातःकाळी उठावें । कांहीं पाठांतर करावें’ इथून सुरुवात, मग शौच, स्नान, पूजा, थोडा फलाहार आणि त्यानंतर ‘संसारधंदा करावा’. मला यातली पाठांतराची जागा फार आवडते. उठल्यावर पहिलं काम डोक्याचं, आणि तेही असं की ज्याला दिवा लागत नाही, पोथी उघडावी लागत नाही. अंधारात बसून करता येईल असं काम त्यांनी बरोब्बर अंधाराच्या वेळेला ठेवलंय. आणि लगेच पुढे लोकांना गोड बोलून राजी राखा, ज्याचा जो व्यवसाय असेल तिथे खबरदार असा, हे येतं, म्हणजे पहाटेचा शेवट थेट बाजारात आणि शेतात होतो.

पण पोथीतलं राहू दे, घराघरात पहाटे खरं कोण उठत होतं? बायका. आणि त्याचं कारण अगदी साधं, पीठ. ज्वारी-बाजरीचं पीठ टिकत नाही, बाजरीचं तर काही दिवसांतच कडू होतं, ज्वारीचं शिळं झालं की भाकरी थापताना फाटते. म्हणजे महिन्याचं दळून डब्यात भरून ठेवलं असं चालायचंच नाही, रोज लागेल तेवढं किंवा दोन दिवसांचं दळायचं. आठ-दहा माणसांचं घर असेल तर ते पायली-दोन पायली धान्य गडी औताला जायच्या आत, भाकऱ्या थापून व्हायच्या आत दळून व्हायला हवं, मग रात्रीच्या तिसऱ्या-चौथ्या प्रहरी उठण्याशिवाय इलाज काय. दोघी जणी समोरासमोर बसायच्या, एक पाय लांब, खुंट्याला दोघींचे हात, एक जण मधूनमधून जात्याच्या तोंडात मूठ सोडणार आणि पीठ कडेने पाळ्यात पडत राहणार. याला उजेड लागत नाही, हातांना सगळं माहीत असतं, त्यामुळे तेलही वाचायचं. आणि त्या श्रमाला लय म्हणून ओव्या. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच, लेकीची काळजी, सगळं त्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ८०च्या दशकापासून गावोगाव फिरून या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. एक लाख ओव्या! त्यातल्या बहुतेक पहाटे, अंधारात, कुणी ऐकत नसताना रचल्या गेल्या. मराठीत पहाटेच्या वेळेने दिलेलं सगळ्यात मोठं काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत हेच सांगेन. मात्र त्या बायकांनी ही वेळ निवडली नव्हती आणि त्यांना लवकर झोपायलाही कुणी सांगत नव्हतं, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणं मला जमत नाही. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा तास-दोन तासांची जास्तीची झोप आली.

पुरुषांकडेही कारण कामाचंच होतं. मोट हाकायची तर ऊन चढायच्या आत, नाहीतर बैल दमतात. नांगरटीचंही तेच. धारा काढायच्या त्याही उजाडायच्या आत.

आता उठवणारे. घड्याळ नव्हतं तेव्हा शेजारचं जातं हाच अलार्म होता, एका घरात घरघर सुरू झाली की पुढच्या घरातली सून उठायची. मग भविष्य सांगणारा पिंगळा यायचा, अंधार असतानाच, हातात कंदील घेऊन. त्यानंतर उजाडता उजाडता वासुदेव, डोक्याला मोरपिसांची टोपी, हातात टाळ आणि चिपळ्या, दारोदार गाणी म्हणत आणि मिळालेल्या दानाची पावती देवाच्या नावाने देत. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा, तोही सगळ्या गावाने मिळून. थंडी सुरू होताना, जेव्हा अंथरूण सोडवत नाही नेमक्या त्याच दिवसांत हा महिनाभराचा नेम ठेवलाय, आणि एकट्याने नाही तर टाळ-मृदंगासकट चारचौघांत. ज्याला आज अकाउंटेबिलिटी ग्रुप म्हणतात त्याची ही सोय गावाकडे आधीपासून होती, आणि अजूनही कित्येक गावांत आहे.

हे सगळं मोडलं, खरं तर बदललं, ते कापड गिरण्यांनी. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत कोकणातून, घाटावरून माणसं येऊन गिरणगाव उभं राहिलं. सुरुवातीला गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालायच्या, म्हणजे शेतातलाच दिवस, फक्त झाडाखाली टेकायची सोय नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या त्यात आठवड्याला एक सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं हीसुद्धा होती. विचार करा, साडेसहा ही तेव्हा मागून घ्यायची वेळ होती! रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला. आपण रविवारी आठ वाजेपर्यंत झोपतो त्याच्या मागे हा माणूस आहे.

मग वीज आली. १९०५ च्या आसपास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे लागले आणि सूर्य मावळला की काम थांबणार हा निसर्गाचा नियम संपला, दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला, त्याविरुद्ध कामगार चिडले, संप झाले. आणि त्याच तोंडावर १ जानेवारी १९०६ पासून इंडियन स्टँडर्ड टाइम लागू झाला. तोपर्यंत मुंबईचा स्वतःचा बॉम्बे टाइम होता, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. नवा टाइम त्याच्याही ३९ मिनिटं पुढे. म्हणजे गिरणीच्या घड्याळात वेळ तीच, पण सूर्याच्या हिशोबाने कामगाराला ३९ मिनिटं आधी उठायला लागणार, तेही ऐन जानेवारीच्या अंधारात. कामगार माग सोडून रस्त्यावर आले, दगडफेक झाली. महापालिकेने तर बॉम्बे टाइम पुढची कित्येक दशकं सोडला नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पहाटेच्या झोपेतली ३९ मिनिटं म्हणजे काय हे त्या लोकांना नेमकं कळलं होतं. अंगाला कळत होतं.

१९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांच्या रोजच्या कामाला बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तास झाले. पहिल्या पाळीचा भोंगा गिरणगावाची पहाट ठरवायचा. एका खोलीत दहा-पंधरा गडी, काही रात्रपाळीचे, काही सकाळचे, खानावळवाली त्यांच्याही आधी उठून चूल पेटवणार, चाळीच्या नळाला पाणी आलं की हंडे-कळश्यांची रांग. पाणी यायची वेळ हेच चाळीतलं खरं रूटीन होतं, ते चुकलं तर दिवसभर पाणी नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यानंतर हळूहळू ते भोंगे बंदच पडले.

पहाट ‘स्वतःसाठी’ वापरायची हा विचार यात कुठे आला? तो एकीकडे तालमींत होता, आणि तो शाळेपर्यंत नेला औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी. हे संस्थानिक स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले, त्यावर १९२० च्या दशकात पुस्तकं लिहिली. दुसरीकडे गांधीजींचे आश्रम, जिथे पहाटे चारला घंटा व्हायची आणि मग प्रार्थना. साबरमतीतली ही पद्धत पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामलाही आली. पण दोन्हीकडे बघा, सगळे एकत्र, आणि रात्री दिवे लवकर बंद. आश्रमात रात्रीची प्रार्थना झाली की झोप.

घराघरात मात्र पुढची काही दशकं पहाट सांभाळली ती आकाशवाणीने आणि दूधवाल्याने. मुंबईत आरे कॉलनी १९४९ मध्ये सुरू झाली, मग दुधाच्या केंद्रावर कार्ड घेऊन पहाटेची रांग, आणि त्या रांगेत बहुतेक वेळा घरातलं शाळकरी पोर. घरी आलं की रेडिओची ती सिग्नेचर ट्यून, भक्तिगीतं, आणि सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या बातम्या. बातम्या लागल्या आणि तुमची आंघोळ झालेली नाही म्हणजे उशीर, हे कुणी सांगायला लागायचं नाही, घड्याळ बघायलाही लागायचं नाही.

मग रात्र लांबली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तरी ते ठरलेल्या वेळेला बंद व्हायचं, त्यामुळे फार फरक पडला नाही. ९० च्या दशकात केबल आलं आणि टीव्ही रात्रभर चालू राहिला. त्यानंतर आयटीतल्या रात्रपाळ्या, अमेरिकेच्या वेळेतले कॉल, आणि २०१६ नंतर स्वस्त डेटा. जेवण साडेसातवरून साडेनऊ-दहावर गेलं. पहाट जागच्या जागीच होती, तिच्याआधीची रात्र आपण खाल्ली. आणि याच काळात इंग्रजी सेल्फ-हेल्पमधून पहाटे पाचचा मंत्र परत आला, पण एकट्या माणसासाठी, अलार्मवर चालणारा, ज्यात झोपायच्या वेळेबद्दल एखादी ओळ असते आणि उठायच्या वेळेबद्दल दोनशे पानं. माझा आक्षेप एवढाच आहे. ज्यांना हे रूटीन जमत नाही ते स्वतःला आळशी समजतात, पण घरात साडेअकराला दिवे बंद होत असतील तर पाचला उठणं म्हणजे रोजची साडेपाच तासांची झोप, आणि ती कुणालाच फार दिवस झेपत नाही. ज्यांच्या संशोधनाला २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं त्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांनी शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं तेच दाखवलं, ते उजेड-अंधाराच्या हिशोबाने चालतं.

तसं अजूनही पहाटे उठणारे भरपूर आहेत, पण ते फोटो टाकत नाहीत. ससून डॉकवर मासे घ्यायला पोचलेल्या कोळणी, दादरचा फूलबाजार, पेपरचे गठ्ठे सोडवणारे विक्रेते, आणि ऊसतोडीच्या फडात तीन-चारला उठून भाकऱ्या करून कोयता घेऊन निघणाऱ्या बायका. जात्यावरच्या बाईचं ओझं यांच्यापैकी कित्येकींच्या अंगावर आजही तसंच आहे.

आणि सगळ्यात ताजी नोंद शाळेची. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलायचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण दिलं ते हेच, घरं आणि शहरं रात्री उशिरापर्यंत जागी असतात, मुलांची झोप होत नाही. माझ्या मते निर्णय योग्य होता. त्यावर लगेच अडचणीही पुढे आल्या, एकाच इमारतीत दोन पाळ्या चालवणाऱ्या शाळांना वर्गखोल्या कुठून आणायच्या, बसवाल्यांच्या फेऱ्यांचं काय, आणि आठला ऑफिसला निघणाऱ्या आईबापांनी मुलाला नऊपर्यंत कुणाकडे ठेवायचं. आजी-आजोबा घरात असतील तिथे हे जमतं, नसतील तिथे शेजाऱ्यांशी ठरवून करावं लागतं.